जागा वाईट

“विचारलं मी तिला. चालेल म्हणाली,” नवरा फोनवर तिच्या भावाला सांगत होता, आणि ओट्यापाशी बशी पुसत असलेली ती पुसायची थांबली. विचारलं होतं, हे खरं. सकाळी दाढी करता करता, आरशाकडे तोंड करून, छत्री नेऊ का असं विचारावं तसं त्याने विचारलं होतं, की आईंना रविवारपासून त्या वृद्धाश्रमात ठेवायचं चाललंय, तुझं काही म्हणणं नाही ना. तिचं म्हणणं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मान जोरजोरात नाही नाही करत तिने होता नव्हता तेवढा जीव एकवटून तोंड उघडलं होतं आणि तोंडातून जे आता एकच येतं तेच आलं होतं. चालेल. मेंदूचा झटका आल्यापासून तिच्याकडे एवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी चालेल, डोकं दुखत असलं तरी चालेल, माझ्या आईला हात लावलास तर बघ, असं म्हणायचं असलं तरी चालेल. बोलणं शिकवायला येणाऱ्या थेरपिस्ट मुलीने नवऱ्याला बजावलं होतं, की काही दिवस हो-नाहीचा गोंधळ होईल, मान एक सांगेल आणि तोंड दुसरंच, तेव्हा दोन्ही नीट पारखून घ्या. पारखून घेणं म्हणजे काय, हे नवऱ्याला छान समजलं होतं. दोन उत्तरं समोर आली की त्यातलं सोयीचं उचलायचं. दूध नको म्हणून मान हलली की तोंडाचं धरायचं, आणि फिरायला येतेस का म्हटल्यावर मान हलली की मानेचं धरायचं. वर पुन्हा शेजारच्या बाईंना सांगायचं, गोंधळते हो बिचारी.

बिचारी. या शब्दाने तिच्या डोक्यावर जेवढे मिरे वाटले होते तेवढे कशानेच वाटले नव्हते. तिच्या नाकावर माशी बसायची टाप नव्हती. मोठ्या इस्पितळातल्या ऑपरेशन थिएटरची ती मुख्य सिस्टर, आणि पाठीमागे सगळे तिला मोजणीबाई म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि आवडतही होतं. पोट उघडण्याआधी टेबलावर ठेवलेली गॉजची फडकी, सुया, चिमटे, सगळं मोठ्याने मोजून फळ्यावर लिहायचं, आणि पोट शिवण्याआधी पुन्हा एकेका वस्तूला हात लावून मोठ्याने मोजायचं. आकडा जुळला की तिने बरोबर म्हणायचं आणि मगच सर्जनच्या हातात शिवायची सुई-दोरा द्यायचा. तोवर दोरा तिच्या मुठीत. नवे डॉक्टर घाईला यायचे. एक फडकं कमी भरतंय, पण असेल इथेच, चालेल ना सिस्टर, असं कुणीतरी म्हणायचंच. मास्कवरचे तिचे डोळे बघून पुढच्या वेळेस तो शब्द गिळायला शिकायचे. मोजणीत चालेल नसतं, ती म्हणायची, बरोबर असतं किंवा नसतं. एकदा मोठे सर्जन लालबुंद होऊन तिच्या अंगावर ओरडले होते, पेशंट उघडा पडलाय, दोरा द्या म्हणून, आणि तिने मूठ उघडली नव्हती. फडकं शेवटी सापडलं ते तिनेच दोनदा उपसलेल्या बादलीत, ओल्या टॉवेलला चिकटलेलं. हसावं की रडावं. सर्जनने हात पुढे केला, तिने बरोबर म्हटलं आणि दोरा दिला. ही गोष्ट घरी तिने इतक्या वेळा सांगितली होती, की ती सुरुवात करायची आणि नवरा ताटावरून मान वर न करता शेवट म्हणायचा, आणि मग तू मूठ उघडलीस. तोच नवरा. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना हे अक्षर दिसतं का ते दिसतं का विचारणारा.

आणि झटका आला तो त्याच जागी उभी असताना. साधं पित्ताशयाचं ऑपरेशन, नवा सहायक डॉक्टर, एक फडकं कमी, आणि तो म्हणाला, “चालेल ना, सिस्टर?” ती वळली. चालेल काय चालेल, तुमच्या घरचं पोट आहे का, असं चांगलं सणसणीत जिभेवर आलं होतं. त्यातलं पहिलंच तेवढं बाहेर पडलं. “चालेल,” ती म्हणाली, आणि उजव्या हातातली कात्री कशी कोण जाणे खाली घसरली. सर्जनने मान वर केली. “काय म्हणालात?” त्यांनी विचारलं. “चालेल,” ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला. सर्जनने हातातलं काम तिथेच थांबवलं. “यांना आधी बघा,” ते भूल देणाऱ्या डॉक्टरना म्हणाले, “हा यांचा शब्द नाही.” एवढ्या एका वाक्यावर तिला धावत खाली नेलं, डोक्याचा फोटो काढला, गुठळी विरघळवायचं औषध वेळेत शिरेत गेलं. ती फरशी, ते पळणारे दिवे, कुणाच्या तरी बुटांचा चर्र आवाज, सगळं तिला लख्ख आठवत होतं. तोंड झाकलेली चार माणसं, ज्यांच्याशी तिचं वर्षानुवर्षं फडकी आणि सुयांपलीकडे बोलणं नव्हतं, त्यांना एका शब्दावरून कळलं की ही ती नव्हे. आणि ज्याच्या उशीशेजारी तिची उशी, त्याने तोच शब्द तिच्या नावावर खुशाल भावाला पोचता केला.

बशी तिने फडताळात ठेवली. आदळली नाही. आदळली असती तर तोही गोंधळच ठरला असता. वॉर्डमध्ये तिने असंच एकदा ताट ढकललं होतं, तर परिचारिकेने प्रेमाने तिची बोटं पुसली होती, ताट कुठे ठेवायचं ते कळत नाही यांना, म्हणून. त्या वॉर्डात तिच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर होता. त्यालाही झटका, तोही त्याच आठवड्यातला. पण बोलणं. देवा रे, ते बोलणं. सकाळी डोळा उघडल्यापासून त्याची जीभ सुरू व्हायची ती झोपेपर्यंत. विनोद, सुनेच्या चहाड्या, कुठल्या थांब्यावर कोण चढायचं त्याच्या कथा, परिचारिकांची थट्टा. तिला नुसतं बघत पडून राहावं लागायचं. एकदा तरुण मेंदूतज्ज्ञ शिकाऊ मुलांचा घोळका घेऊन आला आणि दोघांचे फोटो त्याने खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरले. कंडक्टरच्या मेंदूची उजवी बाजू तळहाताएवढी काळवंडलेली होती. तिच्या डाव्या बाजूला एक ठिपका, वाटाण्याएवढा. “नुकसान किती मोठं यापेक्षा ते कुठे झालं हे बघायचं,” डॉक्टर शिकवत होता. “आपली तपासणी नुकसानीचे गुण मांडते, आणि बोलणं गेलं की बरेच गुण लावते, म्हणून डावीकडचं थोडंही जास्त दिसतं, आणि उजवीकडचं बरंचसं लपून राहतं. दोघांचे गुण बघा, जवळपास सारखेच. यांचा ठिपका लहान आहे, पण जागा वाईट.” मग तिच्या खांद्यावर हात ठेवून, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने तो म्हणाला, “तरी थोडक्यात निभावलं हं, सिस्टर.” ती बहिरी नव्हती. ऐकू येत होतं, समजत होतं, या घोळक्यातल्या दोघांना हात कोपरापर्यंत कसे धुवायचे हे तिनेच शिकवलं होतं. अरे गाढवा, लहान कुठला, तिला म्हणायचं होतं, माझं अख्खं तोंड त्या वाटाण्यात मावलंय. “चालेल,” ती म्हणाली, आणि घोळका कौतुकाने हसला. कंडक्टरही हसला. पण त्याला जेवताना ताटाची उजवी बाजूच दिसायची, डावीकडचं सगळं तसंच राहायचं आणि तो वाढणारीवर खेकसायचा की निम्मंच का दिलंस. स्वतःचा डावा हात अंथरुणात सापडला की म्हणायचा, हा कोणाचा पडलाय इथे, घेऊन जा.

पुढे व्यायामाच्या खोलीत त्याची बायको भेटायची. एकदा ती तिच्या शेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, “तुमचं बरं आहे, ताई. तुम्हाला कळतं तरी, काय झालंय ते. आमचे हे चौकटीवर आपटतात आणि म्हणतात मला काही झालेलंच नाही. मी समोर रडले तर विचारतात, सर्दी झाली का.” त्या बाईचा तिला भयंकर राग आला. तुमचं बरं आहे. म्हणजे कळणं हे वर बक्षीस म्हणून मिळालंय. जे कळतं ते सांगता येत नाही, जे सांगता येतं ते आपलं नाही, आणि याला बरं म्हणायचं. मग रात्री पडल्यावर तिच्या मनात आलं, की त्या बाईला कुणी विचारणारं नाही, तिचा नवरा दिवसभर बोलतो आणि तिच्याशी एक शब्द बोलत नाही. हे मनात आलं म्हणून राग कमी झाला असं नाही. उलट दोघींचा मिळून आला.

घरी आल्यावर लोकांची रीघ लागली. चालते, जेवते, चेहरा जागच्या जागी, उजव्या हाताची दोन बोटं जराशी आळशी, बस. थोडक्यात निभावलं, थोडक्यात निभावलं. लिहून दाखव म्हणून पाटी दिली तर हाताने चा काढला, मग पुन्हा चा, मग पुन्हा. थेरपिस्ट मुलीने एक दिवस सहज “एक” म्हटलं आणि तिच्या तोंडून आपोआप दोन, तीन, चार, थेट दहापर्यंत घरंगळत आलं. मुलगी टाळ्या पिटायला लागली. पाठ असलेलं मेंदूत दुसऱ्या वाटेने येतं, ती म्हणाली, ती वाट तुमची शाबूत आहे. वाट कसली, उतार होता तो. एकदा सुटलं की थांबवता यायचं नाही. ही बोटं किती, म्हणून मुलीने तीन बोटं दाखवली तर एकपासून सुरुवात करावी लागायची आणि तीनवर ब्रेक लागायचा नाही, जीभ चार-पाच करत पुढे निघून जायची. जन्मभर मोजलेल्या बाईला तीनवर थांबता येत नव्हतं. आणि नवऱ्याने काय करावं, तर त्याच्या दुकानातली मंडळी भेटायला आली तेव्हा, पोराला कविता म्हणायला उभं करतात तसं, तिला खुर्चीत बसवून म्हणाला, “म्हणून दाखव गं एक-दोन-तीन.” वर लोकांना, “बघा हं आता.” तिने समोरचा कप उचलला आणि भिंतीवर फोडला. त्यानंतर घरात तिने एकही आकडा उच्चारला नाही. थेरपिस्टसमोरसुद्धा ओठ मिटून बसायची. मुलगी म्हणाली, मूड नाही आज यांचा.

एका आईपाशी मात्र ही सगळी भानगड नव्हती. आई ठार बहिरी. कानाचं यंत्र तिला शिट्ट्या वाजवतं म्हणून ते खणात पडलेलं असायचं. गुडघे गेल्यापासून ती लेकीकडेच राहत होती, मागच्या खोलीत, खिडकीपाशी खुर्ची टाकून. तिला लेक काय म्हणते ते पूर्वीही ऐकू येत नव्हतं आणि आताही नाही, म्हणून लेकीत फारसं काही बदललंय असं तिला वाटतच नव्हतं. ती तोंडाकडे बघायची आणि तोंड वाचायची, ओठ नव्हे, अख्खं तोंड. “दुखतंय का? कपाळ दाबू?” आणि दुखतच असायचं. “आज कुणावर चिडलीस?” आणि चिडलेलीच असायची. तिच्या खोलीत गेलं की चालेल म्हटलं काय न म्हटलं काय, सारखंच. या घरात एकच माणूस तिला बिचारी समजत नव्हतं, आणि भावाने आणि नवऱ्याने मिळून नेमकं तेच उचलायचं ठरवलं होतं. कारणं होती. कारणांना तोटा नसतो. आईने एकदा दूध गॅसवर ठेवलं आणि विसरली, भांडं जळून कोळसा झालं, घरभर धूर. भावाकडे जिना चढून जायचा, लिफ्ट नाही. नवरा दुकान सांभाळून दोघींचं करत होता, त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, हे तिला दिसत होतं. रागावलेल्या माणसाला दिसत नाही असं थोडंच आहे. तो वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. पण तुला विचारलं, तू चालेल म्हणालीस, हे जे त्याने स्वतःभोवती लपेटून घेतलं होतं, ते तिच्या पोटात विस्तवासारखं पडलं होतं. उद्या आई गेल्यावर म्हणायला मोकळे, तिचीच तर संमती होती. खापरही तिच्याच डोक्यावर.

रविवारी सकाळी भाऊ गाडी घेऊन आला. आईला पाटीवर लिहून सांगितलं होतं की हवापालटाला जायचंय, थोड्या दिवसांसाठी, तिथे बाग आहे. आईने विचारलं नव्हतं की बाग कशाला, आणि त्या न विचारण्यावरूनच तिला सगळं कळलेलं असावं असं वाटत होतं. बाहेरच्या खोलीत, दाराशी, चांगलं पातळ नेसून आणि चपला घालून ती खुर्चीत बसली होती, दोन्ही हात मांडीवर, दवाखान्यात नंबर यायची वाट बघावी तशी. पायाशी तिची बॅग. नवरा बॅगेत आईच्या गोळ्यांचा डबा बसवत होता आणि तो बसत नव्हता. भावाने किल्ली बोटाभोवती फिरवली. “ताई, तू मनाला लावून घेऊ नकोस,” तो म्हणाला. “तुझंच सगळ्यांना करावं लागतंय सध्या. तू बरी झालीस की आणू परत. चालेल ना?”

शब्द वर यायला लागला. तो कसा येतो ते आता तिला ओळखीचं झालं होतं. आधी घशात ढकलल्यासारखं व्हायचं, मग जीभ आपसूक टाळ्याला लागायची. तिने दात आवळले. आईने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात गाऱ्हाणं नव्हतं, एवढंच विचारणं होतं, की तुलाही हे हवंय का गं. तिने मान हलवली. भावाने नवऱ्याकडे पाहिलं, नवरा म्हणाला, “असंच करते ती,” आणि डबा एकदाचा आत कोंबून तो बॅगेची चेन ओढायला वाकला.

ती पुढे झाली आणि तिने आपला हात चेनवर, अर्ध्या मिटलेल्या बॅगेच्या तोंडावर ठेवला. आळशी बोटांसकट. नवऱ्याने चेन ओढून पाहिली, तिचा हात हलला नाही. “अगं, बोट अडकेल,” तो म्हणाला. मग दुसरा हात तिने त्याच्या छातीवर टेकवला, जरा जोरातच. “एक,” ती म्हणाली.

भाऊ म्हणाला, “काय?” नवरा म्हणाला, “मोजते कधी कधी. पाठ आहे तिला ते.” त्याच्या आवाजात अजूनही ते बघा हं आता होतं, आणि एरवी त्यावरून तिने हाताला लागेल ते भिरकावलं असतं. हात तिने स्वतःच्या छातीवर आणला. “दोन.” मग बॅगेवरचा हात न काढता ती जमेल तेवढी वाकली आणि आईच्या डोक्यावर, पांढऱ्या विरळ भांगावर, तिने तळहात ठेवला. “तीन.”

आणि चार लगेच दारात आला. दातांच्या मागे येऊन धडका द्यायला लागला, आणि त्याच्यामागे पाच, त्याच्यामागे सहा, सगळी उतारावरची गर्दी. भाऊ समोर उभा होता, जिवंत चौथा माणूस, त्याच्याकडे बघितलं असतं तरी सुटलं असतं. तिने बघितलं नाही. तिने सर्जनच्या डोळ्यांना डोळे लावून उभं राहावं तसं नवऱ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले. जबडा दुखायला लागला. कानात हृदयाचे ठोके ऐकू येत होते, मोजावेसे वाटत होते, तेही तिने मोजले नाहीत. चार ओसरला. तिने पुन्हा पहिल्यापासून केलं, हात लावून, एकेकाला, मोठ्याने, थिएटरमध्ये करायची तसं. एक. दोन. तीन. आणि थांबली.

नवरा वाकलेला होता तो तसाच राहिला. त्याच्या बोटांत चेनचं टोक होतं. त्याने तिच्या हाताकडे बघितलं, बॅगेच्या उघड्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग हळूहळू उतरला. ताटावरून मान वर न करता का होईना, ऐकलं होतं त्याने, वर्षानुवर्षं. चेन त्याने सोडून दिली.

“काय झालं?” भाऊ म्हणाला. “भावजी, उशीर होतोय. तिथे वाट बघत असतील. ताई, तू सांग बाई एकदाचं काय ते. तिकडे काय कळवू मी?”

थकवा आला होता, दात आवळून आवळून जबडा ढिला पडला होता, आणि तिच्याकडे होता तो एकच शब्द बाहेर पडला. “चालेल,” ती म्हणाली. म्हणून झाल्यावर संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

भाऊ सुटल्यासारखा झाला आणि बॅग उचलायला पुढे आला. नवऱ्याने त्याच्या मनगटाला धरलं.

“थांब,” तो म्हणाला. “हा तिचा शब्द नाही.”

आई काहीच ऐकत नव्हती. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती, आणि बघता बघता पायांतल्या चपला काढत होती.